पोळी कुणी सोडायची?

पोह्यांच्या पाकिटावर हल्ली ‘ग्लुटेन फ्री’ असं छापून येतं. साबुदाण्यावर येतं, बेसनावर येतं, गुळाच्या पावडरीवरसुद्धा येतं. पोह्यांत ग्लुटेन कधी नव्हतंच आणि गुळात ते यायचं कुठून. पण छापल्यानं माल खपतो, म्हणून छापतात. त्याच दुकानात पुढच्या फळीवर तांदूळ-टॅपिओकाच्या पिठाची बिस्किटं असतात, साध्या पुड्याच्या कितीतरी पट किमतीची. ती टोपलीत टाकणाऱ्यांना सहज विचारून पाहावं. कुणाला वजन उतरवायचंय, कुणाला जिममधल्या ट्रेनरनं सांगितलंय, कुणाला पोळी खाल्ली की जड वाटतं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं म्हणून घेणारं एखादंच माणूस भेटतं. ते पाकिटाची पुढची बाजू पाहतच नाही, थेट उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचायला लागतं.

हा लेख त्या पाकीट उलटं करणाऱ्या माणसाविषयी आहे. त्याहूनही जास्त, ज्यांनी पाकीट उलटं करायला हवं पण ज्यांना अजून त्याचा पत्ताच नाही, अशांविषयी आहे.

ग्लुटेन पाहायचं असेल तर प्रयोगशाळा लागत नाही. वाटीभर कणीक घट्ट मळून नळाच्या बारीक धारेखाली धरा आणि चोळत राहा. पांढरं पाणी वाहून जातं, तो पिठातला स्टार्च. थोड्या वेळानं हातात पिवळट, चिवट गोळा उरतो. ताणला की ताणला जातो, सोडला की आखडतो. पोळी न फाटता पातळ लाटली जाते, पावाला जाळी पडते, ती या गोळ्याच्या जोरावर. ज्वारीच्या पिठात हे नसतं, म्हणून भाकरी थापावी लागते आणि पीठ जुनं असेल तर गरम पाण्याची उकड घेऊनही तिच्या कडा चिरतात. गव्हातल्या या प्रथिनांची नावं ग्लायाडिन आणि ग्लुटेनिन. जव म्हणजे सातू आणि राय या धान्यांत त्यांचीच भावंडं असतात.

ही प्रथिनं पचायला अवघड असतात, आणि ती कुणालाच पुरती पचत नाहीत. २००२ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात चैतन खोसला यांच्या गटानं ग्लायाडिनचा ३३ अमिनो आम्लांचा एक तुकडा दाखवून दिला, जो जठरातल्या आणि आतड्यातल्या पाचकरसांना दाद देत नाही. तुमच्या-माझ्या पोटातून असे तुकडे रोज जातात आणि काही बिघडत नाही. काही माणसांत मात्र ते आतड्याच्या अस्तराच्या आत शिरतात. तिथं टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज नावाचं एन्झाइम त्यांच्यात किंचित रासायनिक फेरफार करतं. आणि जन्मतः एचएलए-डीक्यू२ किंवा डीक्यू८ ही जनुकं मिळालेल्यांच्या प्रतिकारशक्तीला तो बदललेला तुकडा शत्रू वाटायला लागतो. भांडण पिठाशी असतं, मार बसतो स्वतःच्या आतड्याला. हा सिलिअ‍ॅक आजार. लोक त्याला ‘गव्हाची अ‍ॅलर्जी’ म्हणतात. बोलायला सोपं, पण अ‍ॅलर्जी वेगळी. तिच्याकडे पुढं येतो.

लहान आतड्याचं आतलं अस्तर नव्या टर्किश टॉवेलसारखं असतं. त्यावर सूक्ष्म बोटांसारखे उंचवटे असतात आणि त्यांच्यामुळेच अन्न शोषायला एवढी जागा मिळते. सिलिअ‍ॅकमध्ये हे उंचवटे झिजत झिजत सपाट होतात, टॉवेलचा पंचा होतो. हा मार सर्वात जास्त बसतो तो जठराला लागून असलेल्या पहिल्या भागात, आणि शरीर लोह शोषतं ते नेमकं तिथंच. कॅल्शियम आणि फोलेटचीही तीच गत. म्हणून या रुग्णांना लोहाच्या गोळ्या कितीही दिल्या तरी हिमोग्लोबिन हलत नाही. गोळीत खोट नसते, ती शोषणारी जागाच उरलेली नसते.

सातारा जिल्ह्यातली एक शाळकरी मुलगी. वय अकरा, उंची आठ वर्षांच्या मुलीएवढी. शाळेच्या रांगेत ती कायम पहिली. तोंडात सारखे छाले, संध्याकाळी पाय दुखायचे, हिमोग्लोबिन सातच्या खाली. पोट मात्र फारसं बिघडायचं नाही, त्यामुळे पोटाच्या डॉक्टरकडे न्यावं असं कुणाला वाटलंच नाही. जंताच्या गोळ्या झाल्या, लोहाचं टॉनिक वर्षानुवर्षं झालं, एकदा रक्त चढवून झालं. ‘खात नाही हो ती नीट,’ असं प्रत्येक डॉक्टर आईला ऐकवायचा. आई ब्लाउज शिवते. ती म्हणाली, “मी दुपारचं मशीन बंद करून हिला समोर बसवून जेवायला घालायची. दोन पोळ्या, तूप, गूळ. पोळीनंच ताकद येते ना, म्हणून पोळीच जास्त.”

अखेर एका बालरोगतज्ज्ञानं टीटीजी-आयजीए नावाची रक्ततपासणी करून घेतली. आकडा मर्यादेच्या पुष्कळ पट वर. एंडोस्कोपीत आतड्याचा बारीक तुकडा घेतला, त्यात उंचवटे सपाट दिसले.

पाठ्यपुस्तकातलं सिलिअ‍ॅकचं मूल वेगळं दिसतं: फुगलेलं पोट, काटकुळे हातपाय, घाण वासाचे जुलाब, सततची चिरचिर. तसली मुलं येतात आणि ती तुलनेनं लवकर ओळखूही येतात. अडतं ते बाकीच्यांचं. औषधाला दाद न देणारा अ‍ॅनिमिया, खुंटलेली उंची, लांबलेली पाळी, राहून राहून होणारे गर्भपात, पस्तिशीतच ठिसूळ झालेली हाडं, कारण न सापडता वाढलेली लिव्हर एन्झाइम्स. क्वचित कोपरांवर, गुडघ्यांवर, कमरेखाली खाजरे फोड येतात, त्याला डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस म्हणतात. तोही याच आजाराचा त्वचेवरचा चेहरा. काहींचा तोल जातो, पाऊल सरळ पडत नाही, कारण प्रतिकारशक्तीचा हल्ला मेंदूच्या मागच्या भागापर्यंत पोचलेला असतो. अशी माणसं त्वचारोगतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ, हाडांचे डॉक्टर असे दवाखाने फिरत राहतात. प्रत्येकाकडे आजाराचा एकेक तुकडा असतो. पोळीविषयी विचारायचं कुणाच्याच डोक्यात येत नाही.

पोळीपर्यंत पोचायला वैद्यकालाही वेळ लागला. लंडनचे डॉक्टर सॅम्युअल गी यांनी १८८८ मध्ये या आजाराचं नेमकं वर्णन केलं आणि बरं व्हायचं असेल तर ते आहारानंच, असं बजावलं. आहार कोणता ते त्यांना सापडलं नाही. १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी मुलांना केळ्यांवर ठेवलं आणि मुलं सुधारली. श्रेय केळ्याला मिळालं. केळी खाताना मुलांच्या ताटातला पाव गेला होता, हे लक्षात यायला आणखी पाव शतक लागलं.

ते लक्षात आलं नेदरलँड्समध्ये. हेग शहरातल्या मुलांच्या रुग्णालयातले विलेम-कारेल डिके यांना तिशीच्या दशकातच पावाचा संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी देशाच्या पश्चिम भागाची रसद तोडली. लोक शुगर बीट आणि ट्यूलिपचे कंद खाऊन जगले, हजारो माणसं भुकेनं मेली, आणि त्याच हिवाळ्यात सिलिअ‍ॅकची मुलं सुधारत गेली. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. डिके यांनी युद्धानंतर मुलांना आलटून पालटून धान्यं देऊन, विष्ठेतली चरबी मोजून हे पक्कं केलं आणि १९५० मध्ये उट्रेख्ट विद्यापीठात प्रबंध सादर केला. दोन वर्षांनी बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी गव्हाचा स्टार्च आणि ग्लुटेन वेगळं करून दिलं. दोषी ग्लुटेन ठरलं. पंचाहत्तर वर्षं होत आली, उपचार तोच आहे. २०२१ मध्ये त्या ट्रान्सग्लुटामिनेज एन्झाइमला अडवणाऱ्या गोळीची चाचणी प्रसिद्ध झाली आणि निष्कर्ष आशादायक होते, पण आज डॉक्टर लिहून देतात ते एकच: गहू, जव, राय आयुष्यभर बंद.

आपल्याकडे बराच काळ हा पंजाब्यांचा आजार समजला जाई. त्यात तथ्य होतं, पण अर्धंच. दिल्ली परिसरातल्या २०११ च्या पाहणीत ९६ माणसांमागे एकाला सिलिअ‍ॅक निघाला. युरोपातही साधारण शंभरात एक हेच प्रमाण आहे. पुढं २०१६ मध्ये उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतातल्या २३ हजारांवर निरोगी प्रौढांची पाहणी प्रसिद्ध झाली. रक्तात सिलिअ‍ॅकची प्रतिद्रव्यं सापडण्याचं प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के, दक्षिणेत ०.१० टक्के. मग जनुकं तपासली, तर तिन्हीकडे ती साधारण सारखीच: दर तिघांत एकाकडे किंवा थोडी अधिकच. फरक ताटात होता. उत्तरेत माणशी रोजचा गहू सरासरी ४५५ ग्रॅम, ईशान्येत ३७, दक्षिणेत २५. ईशान्येचा आकडा या हिशेबात नीट बसत नाही, म्हणजे गव्हाशिवाय आणखी काही कारणं आहेतच. तरी मद्रासकडच्या माणसात हे बीज नाही, असं यापुढं कुणाला म्हणता यायचं नाही. बीज आहे, त्याला गहू कमी मिळतो.

महाराष्ट्र या दोन टोकांच्या मध्ये बसतो, आणि आपलं ताट गेल्या दोन पिढ्यांत वर सरकलं आहे. सोलापूर-मराठवाड्याकडच्या आज्यांना विचारलं तर पोळी ही सणाची किंवा पाहुण्यांची गोष्ट होती असं त्या सांगतात. रोजची ती भाकरी. मग कालव्याचं पाणी आलं, नव्या जातींचा गहू आला, रेशनचा गहू आला. अन्नसुरक्षा कायद्यानं २०१३ पासून माणशी पाच किलो धान्य दोन-तीन रुपये किलोनं आणि २०२३ पासून फुकट मिळू लागलं. कायद्यात भरड धान्यही एक रुपया किलोनं लिहिलेलं आहे, पण दुकानात बहुतेक वेळा पदरात पडतो तो गहू आणि तांदूळच. ज्वारी बाजारातून विकत आणायची तर ती परवडत नाही. भाकरी ही गरिबाची म्हणून हिणवली गेली आणि आता गरिबालाच ती महाग पडते. मी या योजनेच्या विरोधात नाही, तिनं पोटं भरली आहेत. पण ज्या घरात एक सिलिअ‍ॅकचं मूल आहे त्या घराला रेशनवर गव्हाऐवजी ज्वारी किंवा जादा तांदूळ मिळावा, एवढी सोय सरकारला अवघड नसावी. इटलीत निदान झालेल्या रुग्णाला ग्लुटेनविरहित पदार्थांसाठी सरकारकडून दरमहा ठरावीक मदत मिळते.

तर पोळी सोडायलाच हवी अशी पहिली माणसं ही. त्यांच्यात कुणाला आधी तपासायचं तेही ठरलेलं आहे. टाइप १ मधुमेहाची मुलं, कारण दोन्ही आजारांची जनुकं एका गोतातली. त्यांच्यात हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास असतं. थायरॉइडचा ऑटोइम्यून आजार असलेली माणसं, डाउन सिंड्रोम आणि टर्नर सिंड्रोम असलेली मुलं. कारण न सापडलेला अ‍ॅनिमिया. आणि रुग्णाचे आईवडील, भावंडं, मुलं. या जवळच्या रक्तातल्या साधारण १३ जणांमागे एकाला आजार निघतो.

दुसरा गट गव्हाच्या खऱ्या अ‍ॅलर्जीचा. इथं आयजीई नावाची प्रतिद्रव्यं काम करतात, म्हणजे शेंगदाण्याच्या किंवा कोळंबीच्या अ‍ॅलर्जीसारखंच. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत गांधी उठतात, ओठ सुजतात, धाप लागते. काहींना तर गहू खाऊन लगेच धावपळ केली तरच त्रास होतो, एरवी नाही. यांनी गहू टाळायचा, जव चालतो की नाही ते तपासून ठरवायचं. लहान मुलांतली ही अ‍ॅलर्जी वाढत्या वयात बहुधा जाते. बेकरीत, गिरणीत वर्षानुवर्षं पीठ नाकात जाऊन होणारा दमा हाही याच कुळातला.

तिसरा गट वादग्रस्त आहे. तपासण्या नॉर्मल, सिलिअ‍ॅक नाही, अ‍ॅलर्जी नाही, तरी पोळी-पावानं पोट फुगतं, गॅस होतो, डोकं जड होतं. हा त्रास खोटा नाही. प्रश्न आहे तो दोषी कोण याचा. नॉर्वेतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये अशा ५९ जणांना तीन प्रकारच्या म्यूसली बार आळीपाळीनं खायला दिल्या, कशात काय हे त्यांना न सांगता. एकीत ग्लुटेन, दुसरीत फ्रुक्टान, तिसरीत दोन्ही नाही. सर्वांत जास्त त्रास फ्रुक्टाननं झाला. ग्लुटेन आणि साधी बार यांत फरक पडला नाही. फ्रुक्टान ही न पचणारी साखर गव्हात असते तशी कांद्यात आणि लसणातही भरपूर असते. म्हणजे एखादे काका पोळी सोडून ज्वारीच्या भाकरीबरोबर झणझणीत पिठलं, वर कच्चा कांदा फोडून खात असतील आणि तरीही पोट फुगत असेल, तर नवल नाही. इरिटेबल बॉवेल असलेल्या बऱ्याच जणांना गहू कमी केल्यानं बरं वाटतं, पण त्यांना हिंगातल्या मैद्याची धास्ती घ्यायचं कारण नाही. सणाला एक पुरणपोळी खाल्ली तर आतड्याचं नुकसान होत नाही, फार तर एक रात्र अस्वस्थ जाते.

उरलेल्या सगळ्यांना पोळी सोडून मिळण्यासारखं काही नाही. वजन उतरतं ते बिस्किटं, पाव, सामोसे, केक ताटातून गेले म्हणून. त्यांच्या जागी ग्लुटेन फ्री बिस्किटं आणली की वजन परत येतं, कारण पांढरं तांदळाचं पीठ, स्टार्च, साखर आणि तूप यांनीच ती बनतात. चोथा आणि लोह उलट कमीच. हृदयविकार टळतो म्हणावं, तर एक लाखांवर अमेरिकी नर्सेस आणि इतर आरोग्य-व्यावसायिकांच्या खाण्याची वर्षानुवर्षं नोंद ठेवून २०१७ मध्ये निघालेल्या निष्कर्षात तसं काही आढळलं नाही. ‘खपली गहू चालतो, त्यात ग्लुटेन नसतं’ हे मात्र मी इतक्या शिकल्यासवरल्या लोकांच्या तोंडून ऐकलं आहे, की इथं ठासून सांगतो: खपली हा गहूच आहे, त्यात ग्लुटेन आहे. खीर करा, पुरणपोळी करा, चवीला तो खरंच छान लागतो. सिलिअ‍ॅकच्या माणसाला तो विषच.

आणि या फॅशनचा खरा तोटा वेगळाच आहे. कुणीतरी सांगितलं म्हणून माणूस आधी गहू सोडतो, बरं वाटतं, मग सहा महिन्यांनी तपासणीला जातो. तोवर रक्तातली प्रतिद्रव्यं ओसरलेली असतात, आतडं भरून आलेलं असतं. रिपोर्ट नॉर्मल येतो. आता सिलिअ‍ॅक होता की नाही हे सांगायला डॉक्टरांना त्याला पुन्हा काही आठवडे रोज गहू खायला लावावा लागतो, आणि खरा रुग्ण असेल तर ते आठवडे हालांचे जातात. टीटीजी तपासणी आणि बायोप्सी होईपर्यंत पोळी खात राहायची, हे प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर लिहायला हवं. हे पक्कं निदान कशाला, असं वाटत असेल तर पुढची हकिकत वाचा. इतकं काटेकोर कुणी उगाच जगत नाही.

एका पोळीत साधारण ३० ग्रॅम कणीक, म्हणजे तीन ग्रॅमच्या आत-बाहेर ग्लुटेन. इटलीतल्या अभ्यासात रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिलं तेव्हा रुग्णांच्या आतड्याला इजा दिसली. म्हणजे रोज पोळीचा साठावा भाग. ताटात पडलेला चुरा तेवढा असतो. भारतात ‘ग्लुटेन फ्री’ म्हणवण्यासाठी किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, तीही याच हिशेबातून.

साताऱ्याच्या त्या घरात पहिल्या आठवड्यात वाटलं, आपलं काय अवघड आहे, भाकरी तर खातोच. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, सगळ्या डाळी, सगळ्या भाज्या, दूध, अंडी, मटण, मासे, सगळं चालतं. युरोपातल्या आईला रडू येईल अशी परिस्थिती आपल्याकडे नाही, हे खरंच. मुलीच्या तपासण्या मात्र उतरेनात. मग आहारतज्ज्ञ मॅडमनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. पीठ कुठून येतं?

गिरणीतून. गिरणीत आधी कुणाचा तरी गहू दळलेला असतो, जात्यात, पाटात, कापडी पिशवीत त्याचं पीठ राहतं. ‘ज्वारीवरच ज्वारी टाका’ असं बायका सांगतात ते भाकरी विरी जाऊ नये म्हणून. तेवढ्यानं इथं भागत नाही. गिरणीवाल्या मामांनी ऐकून घेतलं आणि प्रांजळपणे सांगितलं, “ताई, तुमच्या चार किलोसाठी मी जातं खोलून धुऊ का? हवेतच पीठ आहे बघा.” खरंच होतं, त्यांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या होत्या. शेवटी भिशीच्या पैशातून घरघंटी आली आणि तिच्यात गव्हाचा दाणा घालायचा नाही असं ठरलं. ज्वारी सुपात घेऊन निवडायला लागले, तेव्हा वाण्याकडून आलेल्या ज्वारीतच गव्हाचे दाणे निघाले.

मग लाटणं-पोळपाट. लाकडाच्या रेघांत पीठ बसतं, धुऊन जात नाही. मुलीचा तवा वेगळा, चाळण वेगळी, भाकरीची परात वेगळी. ज्या आजीनं सोवळं-ओवळं कधीच सोडून दिलं होतं तिला सुनेनं एक दिवस सांगितलं, “आई, त्या परातीला कणकेचा हात लावू नका.” आजी म्हणाली, “बघा, आता सुनेचं सोवळं.” पण हात लावला नाही.

मग डब्यांची पाळी. हिंगाची डबी उलटी केली: खड्याचा हिंग वेगळा, पण घराघरांत असतो तो बांधानी हिंग, आणि त्यात बहुधा मैदा किंवा गव्हाचं पीठ घातलेलं असतं. रोजच्या प्रत्येक फोडणीत. हीच मुलीची खरी गळती निघाली. मेतकुटात गहू. थालीपिठाच्या भाजणीत गहू. कुरडई तर गव्हाच्या चिकाचीच. सोया सॉसमध्ये गहू. दुधात घालायच्या ‘ताकदीच्या’ पावडरींत माल्ट, म्हणजे जव. ओट्समध्ये ग्लुटेन नसतं म्हणतात, पण ते गव्हाच्याच यंत्रांतून येतात. पाकिटांवर धान्याची सूचना छापणं आता सक्तीचं आहे, त्यामुळे तिथं सुटका होते. सुट्या मालाला लेबल नसतं.

आधार मिळाला तो अनपेक्षित ठिकाणी: उपासाच्या फळीवर. साबुदाणा, वरई, राजगिरा, शिंगाडा. आपल्या उपासाला गहू चालतच नाही, त्यामुळे एक आख्खं स्वयंपाकघर तयार होतं. मुलीनं वर्गात सांगून टाकलं की माझा रोजच उपास असतो. पोरांनी चिडवलं, मग डब्यातली साबुदाण्याची खिचडी संपवली. आहारतज्ज्ञांनी मात्र लगेच कान पिळले, कारण साबुदाण्यात स्टार्चशिवाय फार काही नसतं. राजगिरा आणि नाचणी वाढवा, साबुदाणा आठवड्यातून एकदा.

फराळाचं गणित तर सोपं आहे, फक्त क्रम सांभाळायचा. चकलीची भाजणी घरात डाळ-तांदळाची करायची. शेव बेसनाची, चिवडा पोह्यांचा, लाडू बेसनाचे. अनारसे तांदळाचे, त्यांना कुणाचीच हरकत नाही. करंजी, शंकरपाळी, चिरोटे, रवा लाडू हे बाकीच्यांसाठी, पण अगदी शेवटी. शंकरपाळी तळलेल्या तेलात मग चकली सोडली की सगळ्या कष्टांवर पाणी. दुकानातल्या चकल्या कोणत्या कढईतून आल्या ते कुणाला ठाऊक, म्हणून त्या घरात बाहेरचा फराळ ताटात घेतात पण मुलीच्या ताटात ठेवत नाहीत.

अवघड जातो तो प्रसाद. गणपतीत ठीक, उकडीचे मोदक तांदळाचे. सत्यनारायणाचा शिरा रव्याचा. यजमानीणबाई द्रोण पुढं करते, मूल आईकडे पाहतं, आणि सगळी आळी ‘एवढ्यानं काय होतंय, देवाचं आहे’ म्हणत असते. वसईत किंवा गोव्यात मिस्सेला जाणाऱ्या सिलिअ‍ॅकच्या मुलाचा पेचही असाच, तिथं तर नियम लेखी आहे. व्हॅटिकननं २०१७ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं, की ग्लुटेन पूर्ण काढलेली भाकर चालणार नाही, अगदी कमी ग्लुटेनची चालेल. ज्याला तीही सोसत नाही त्यानं फक्त द्राक्षारस घ्यावा. आपल्याकडे असं काही कुणी ठरवून दिलेलं नाही, म्हणून प्रत्येक आईला दर पूजेत नव्यानं भांडावं लागतं. वाटीभर केळी-साखर बाजूला ठेवणारी एखादी शेजारीण भेटली, की ती मरेपर्यंत लक्षात राहते.

हिंग बदलल्यावर त्या मुलीचा टीटीजीचा आकडा उतरायला लागला. वर्षभरात उंची सात सेंटिमीटर वाढली, आईनं दाराच्या चौकटीवर खुणा करून ठेवल्यात. हिमोग्लोबिन अकराच्या वर. छाले गेले.

मग डॉक्टरांनी घरच्यांच्या तपासण्या सांगितल्या. बापाची नाही, धाकट्या भावाची नाही. आईची पॉझिटिव्ह आली. तिचं हिमोग्लोबिन लग्नापासून साडेआठ-नऊच्या पुढं कधी गेलेलं नव्हतं, मधे एक गर्भपात झालेला, पाठ सदैव दुखायची. प्रत्येक वेळी सांगण्यात आलं की बायकांना असतंच. एंडोस्कोपीची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली आहे. मुलीबरोबर तिनंही एव्हाना भाकरीवर राहायची सवय लावून घेतली होती. डॉक्टरांनी ती मोडायला लावली. आता ती रोज दोन पोळ्या खाते, मुलीच्या परातीपासून लांब, ओट्याच्या दुसऱ्या टोकाला लाटून.